अठरा अंशांवरचा ध्रुव

शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावून मुलांना शनी दाखवायचा कार्यक्रम ज्यांनी केला असेल, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. पहिलं मूल कडी बघून आनंदानं ओरडतं, दुसरं बघतं, तिसरं बघतं आणि चौथं डोळा लावून म्हणतं, "काका, नुसतं काळंच दिसतंय." शनी निघून गेलेला असतो. खरं तर तो गेलेला नसतो, पृथ्वी फिरलेली असते. शंभर पट मोठं दाखवणाऱ्या साध्या नेत्रिकेतून अंदाजे अर्धा अंश आकाश दिसतं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढं. आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकतं. म्हणजे एका कडेनं आत आलेला ग्रह दोन मिनिटांत दुसऱ्या कडेनं बाहेर पडणार, आणि रांग थांबवून दुर्बीण पुन्हा जुळवावी लागणार.

यावर उपाय म्हणून मोटर लावलेला माऊंट आला. माऊंट म्हणजे दुर्बिणीची नळी ज्यावर बसते आणि फिरते तो सांगाडा. मोटर असली की तारा आपोआप धरून ठेवला जाईल, अशा समजुतीनं पुष्कळ जण असा माऊंट घेतात. पहिल्या रात्री तारा तरीही सरकतो, आणि मग कोणी मोटरला बोल लावतं, कोणी विक्रेत्याला. माझ्या अनुभवात दहांतल्या आठ वेळा मोटर निर्दोष असते. माऊंटचा एक अक्ष आकाशातल्या एका ठरावीक बिंदूकडे रोखलेला असायला हवा, तो तिकडे रोखलेला नसतो, एवढंच. आणि तो कसा रोखायचा हे सांगणारी पुस्तिका बहुधा आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असते.

आधी तो बिंदू कुठला ते पाहू. पृथ्वी २३ तास, ५६ मिनिटं आणि ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे सगळे तारे एका काल्पनिक आसाभोवती फिरताना दिसतात. हा आस उत्तरेच्या आकाशाला जिथे टेकतो, तो ध्रुवबिंदू म्हणजेच आपला बिंदू. दुर्बिणीचा एक अक्ष जर या आसाला समांतर ठेवला, तर तारा धरायला एकच मोटर पुरते आणि तिला एकाच वेगानं फिरावं लागतं. सेकंदाला सुमारे १५ विकला. (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला, पंचांगातलं हे जुनं मोजमाप इथे पुढे सारखं लागणार आहे.) सगळी युक्ती या समांतर असण्यात आहे. जयपूरच्या सम्राट यंत्राचा २७ मीटर उंचीचा तिरका जिना क्षितिजाशी २७ अंशांचा कोन करतो, कारण जयपूरचा अक्षांश २७ आहे आणि तो जिना पृथ्वीच्या आसाला समांतर बांधलेला आहे. दगडाचा तो जिना आणि आपल्या गच्चीवरचा माऊंट यांच्यात भूमितीचा काहीही फरक नाही.

दुर्बिणीत ही युक्ती पक्की रुजवली ती योझेफ फॉन फ्राउनहोफर या जर्मन कारागिरानं. १८२४ मध्ये त्यानं दोर्पातच्या, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या, वेधशाळेसाठी २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण दिली. एक अक्ष ध्रुवाकडे, दुसरा त्याला काटकोनात, एका टोकाला नळी, दुसऱ्या टोकाला तोल साधणारं वजन. आणि फिरवायला खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारं घड्याळी यंत्र. त्या दुर्बिणीतून विल्हेल्म स्त्रूव्हे यांनी ३००० हून जास्त जोडताऱ्यांची यादी केली. आजही बाजारात मिळणाऱ्या अशा माऊंटला 'जर्मन इक्वेटोरियल' म्हणतात ते यामुळेच. पुण्यातही असं यंत्र फार लवकर आलं होतं. १८८८ मध्ये कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी नायगमवाला यांनी तिथे ग्रबच्या कारखान्यातली २० इंची परावर्तक दुर्बीण बसवली. त्या काळी भारतातली ती सर्वांत मोठी दुर्बीण होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुणेकरांपैकी किती कमी जणांना हे ठाऊक आहे, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

आता आपल्या गच्चीवर येऊ. ध्रुवबिंदू क्षितिजापासून किती उंच, तर त्या गावाचा अक्षांश असेल तितका. पुण्यात साडेअठरा अंश, मुंबईत एकोणीस, नागपुरात एकवीस, कोल्हापुरात पावणेसतरा, पणजीत साडेपंधरा. लंडनच्या माणसाला ध्रुव साडेएक्कावन्न अंशांवर, म्हणजे मान चांगली वर करून बघावा लागतो. आपल्याला तो समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे शोधावा लागतो. हा फरक नुसता दिसण्याचा नाही. साडेअठरा अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तिप्पट हवेतून येतो, त्यामुळे धुरकट संध्याकाळी ध्रुवतारा नुसत्या डोळ्यांना सापडतच नाही. वातावरणातल्या वक्रीभवनानं तो खऱ्या जागेपेक्षा सुमारे ३ कला वर दिसतो. ध्रुवाकडे पाहण्यासाठी अक्षाच्या पोकळीत एक छोटी दुर्बीण बसवलेली असते. तिच्यात डोकवायला आपल्याला जमिनीवर गुडघे टेकावे लागतात. गच्चीवर जुनी सतरंजी नेत जा, गुडघे वाचतात.

सांगाड्यालाही हा कमी कोन सोसत नाही. अक्ष जवळजवळ आडवा होतो, आणि तोलाच्या वजनाचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो. तो नेमका उत्तरेकडच्या पायाच्या अंगावर येतो. दुर्बीण फिरता फिरता वजन पायावर आपटलं, की मोटरचे दाते कुरकुरतात. यावर ट्रायपॉड आणि माऊंट यांच्या मध्ये फूटभर उंचीचा नळकांडी खांब घालणं हा सर्वांत चांगला इलाज. तो नसेल, तर वजनं दांड्यावर जितकी वर सरकवता येतील तितकी सरकवावीत. त्यासाठी वेळप्रसंगी एक जास्तीचं वजन घ्यावं लागलं तरी चालेल. विकत घेण्याआधी माऊंटचा कोन किती अंशांपर्यंत खाली येतो हे विचारलंच पाहिजे. काही माऊंट वीस अंशांच्या खाली येतच नाहीत. असा माऊंट नागपूरला कसाबसा चालेल, कोल्हापूरला मुळीच नाही.

या खालच्या ध्रुवाचं एक देणंही आहे. उत्तरेला जे गमावलं ते दक्षिणेला मिळतं. अगस्त्य आपल्याकडे ऐटीत वर येतो, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा महाकाय तारकागुच्छ पुण्याहून २४ अंश उंचीवर दिसतो. लंडनमध्ये तो उगवतसुद्धा नाही.

उभारणीला सुरुवात पायांपासून. ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर काढू नयेत. जितकं बुटकं तितकं स्थिर. माती असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे ठेवावेत, नाहीतर तास-दोन तासांत एक पाय रुततो. गच्चीवर स्लॅबच्या मध्यभागी न लावता तुळईजवळ किंवा कोपऱ्यात लावावं, म्हणजे कोणी चाललं तरी तारा नाचत नाही. पाणसळ लावून पातळी घ्यावी, पण तिच्यापायी अर्धा तास घालवू नये. दुर्बीण तारा किती नीट धरेल याच्याशी पातळीचा थेट संबंध नाही. माऊंट जरा कलता असला तरी अक्ष ध्रुवाकडे रोखता येतो. फक्त वर-खाली आणि डावी-उजवीकडे करणारे बोल्ट मग एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात. पातळी हवी ती त्यासाठी.

उत्तर दिशा मोबाइलच्या होकायंत्रावरून घेताना माऊंटपासून चार पावलं दूर उभं राहावं. लोखंडी वजनं आणि मोटरमधली चुंबकं सुई भरकटवतात. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात एका अंशाहून कमी फरक आहे, म्हणून पहिल्या अंदाजाला होकायंत्र पुरतं.

मग ध्रुवतारा. सप्तर्षींतल्या पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा पुढे नेली की तो सापडतो. सप्तर्षी मावळले असतील तर शर्मिष्ठेच्या एम आकारावरून अंदाज घ्यावा. पण इथेच सर्वांत मोठा घोटाळा होतो. लहानपणापासून आपण ध्रुवाला अढळ मानलेलं असतं, म्हणून माणूस अक्ष थेट ताऱ्यावर रोखतो. तारा मात्र खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ३८ कला दूर आहे, चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षा जास्त. तोही रोज त्या बिंदूभोवती छोटीशी प्रदक्षिणा घालतो. (हे अंतर सावकाश घटतंय, २१०० च्या आसपास ते सर्वांत कमी होईल आणि मग पुन्हा वाढेल.) खरा बिंदू ध्रुवताऱ्यापासून ध्रुवमत्स्यातल्या दुसऱ्या ठळक ताऱ्याच्या, म्हणजे कोचाबच्या, दिशेला आहे. ध्रुवदर्शक दुर्बिणीत एक वर्तुळ कोरलेलं असतं, घड्याळाच्या तबकडीसारखं. त्या घटकेला ध्रुवतारा तबकडीवर किती वाजता ठेवायचा, हे मोबाइलवरची अनेक ॲप सांगतात. तारा तिथे आणला, की वर्तुळाचा मध्य आपोआप खऱ्या बिंदूवर येतो.

तो आणताना बोल्टची शिस्त पाळावी. समोरासमोरचे दोन बोल्ट असतात. एक आवळण्याआधी दुसरा सैल करायचा. हे विसरून जोर लावला की बोल्ट वाकतो आणि पुढे कधीच गुळगुळीत फिरत नाही. कोन ठरवताना शेवटची हालचाल खालून वर असावी, म्हणजे सगळं वजन बोल्टवर नीट टेकतं आणि नंतर खचत नाही. ट्रायपॉडचा मधला मोठा बोल्ट आधीच पक्का केलेला हवा. शेवटी आवळला तर तोच सगळं फिरवून टाकतो.

ही छोटी दुर्बीण स्वतःच वाकडी बसलेली असू शकते, आणि नव्या माऊंटमध्ये बऱ्याचदा असतेच. ते दिवसा तपासावं. दूरच्या मोबाइल टॉवरचं टोक फुलीच्या मध्यावर आणायचं आणि अक्ष १८० अंश फिरवायचा. टोक फुलीवरून हललं, तर जेवढं हललं त्याच्या अर्धी दुरुस्ती छोट्या दुर्बिणीच्या तीन बारीक स्क्रूंनी करायची आणि उरलेली अर्धी माऊंटच्या बोल्टनी. दोन-तीन वेळा असं केलं की टोक जागचं हलत नाही. वीस मिनिटांचं हे काम एकदाच करावं लागतं, पण पुढच्या प्रत्येक रात्रीला त्याचा उपयोग होतो.

इतकी अचूकता खरंच हवी का? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर काय करायचंय त्यावर ठरतं. अक्ष एक अंशानं चुकला, तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १६ विकलांनी सरकतो. अर्ध्या अंशाच्या क्षेत्रात मध्यावरचा तारा कडेला जायला जवळपास तास लागेल. शाळेच्या मैदानावर एवढं पुष्कळ झालं. तिथे रांग पुढे सरकती ठेवणं महत्त्वाचं. पण कॅमेरा लावून पाच मिनिटांचं छायाचित्र घ्यायचं असेल आणि कॅमेऱ्याचा एक ठिपका दोन विकलांचा असेल, तर चूक दीड कलेच्या आत आणावी लागते. म्हणजे जवळजवळ चाळीस पट काटेकोर. मैदानावर कार्यक्रम करणाऱ्यानं ही कसरत करायची गरज नाही आणि छायाचित्रकारानं ती टाळून चालणार नाही.

दीड कलेपर्यंत पोचायचा जुना आणि अजूनही सर्वांत विश्वासू मार्ग म्हणजे ताऱ्याची सरक बघणं. ध्रुवतारा इमारतीमागे दडलेला असला तरी हा मार्ग चालतो, म्हणून मुंबईच्या गॅलरीत राहणाऱ्यांना मी तोच शिकायला सांगतो. हिवाळ्यात त्यासाठी मृगासारखं नक्षत्र नाही. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी जो आधी उगवतो, तो खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेला आहे. तो दक्षिणेला मध्यमंडलावर येईल तेव्हा, म्हणजे पुण्यात ७१ अंशांवर, फुली असलेल्या नेत्रिकेत मध्यावर आणायचा आणि मोटर चालू ठेवून नुसतं बघायचं. पूर्व-पश्चिम हालचालीकडे दुर्लक्ष करायचं. तारा दक्षिणेकडे घसरत असेल तर अक्ष गरजेपेक्षा पूर्वेला गेलाय. उत्तरेकडे चढत असेल तर पश्चिमेला. बोल्ट जरासा फिरवून पुन्हा बघायचं. मग पूर्वेच्या आकाशात नुकताच वर आलेला, विषुववृत्ताजवळचा दुसरा तारा घ्यायचा. तो दक्षिणेकडे घसरला तर अक्षाचा कोन कमी पडतोय, उत्तरेकडे गेला तर जास्त झालाय. पाच मिनिटं तारा रेषेवरून ढळला नाही, की काम झालं. आता कॅमेरा आणि संगणक असेल तर आकाशाचे दोन-तीन फोटो घेऊन सॉफ्टवेअर हीच चूक मिनिटभरात मोजून देतं. ते वापरावंच. तरी एकदा तरी डोळ्यांनी ही सरक पाहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं. सॉफ्टवेअर आकडा देतं. पृथ्वीचा आस आणि आपला दांडा यांच्यातलं अंतर प्रत्यक्ष दिसतं ते इथे.

तोल साधायचा तो सगळं सामान चढवल्यावर. कॅमेरा, नेत्रिका, दवापासून वाचवणारी नळी, वायरी, सगळं. क्लच सैल करून आधी ध्रुवीय अक्षाचा तोल वजन सरकवून आणि मग दुसऱ्या अक्षाचा तोल नळी पुढे-मागे करून साधायचा. पूर्ण समतोल झाल्यावर पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवावी. त्यानं मोटर सतत थोडं वजन उचलत राहते आणि दात्यांना दाते चिकटून राहतात.

तारे स्वतः शोधणाऱ्या गो-टू माऊंटला वेळ आणि ठिकाण सांगावं लागतं, आणि भारतात याच पायरीवर हमखास चुका होतात. आपला काळ ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास. कोणी घाईत नुसतं ५ टाकलं, तर दुर्बीण साडेसात अंश भलतीकडे बघते. बऱ्याच यंत्रांत महिना आधी आणि तारीख नंतर असते. ५ मार्चला सवयीनं आधी तारीख टाकली, की यंत्र ३ मे समजतं आणि जवळजवळ ५८ अंशांनी भरकटतं. अक्षांश १८.५२ असा दशांशात मिळतो, पण यंत्राला १८ अंश ३१ कला हवे असतात. दुर्बीण वेड्यासारखी जमिनीकडे वळली तर आधी हे तीन आकडे तपासावेत. त्यानंतर दोन-तीन ओळखीचे तारे, समजा रोहिणी आणि ब्रह्महृदय, मध्यावर आणून यंत्राला दाखवायचे. मध्यावर आणताना शेवटची बटणं नेहमी त्याच दोन दिशांची दाबावीत, म्हणजे दात्यांमधला मोकळा खेळ मोजणीत येत नाही.

या दात्यांबद्दल थोडं अधिक. मोटरची गती अक्षापर्यंत पोचवतो तो वर्म गिअर, म्हणजे मळसूत्री दंड आणि त्याला भिडलेलं दातेरी चाक. चाकाला १८० दाते असतील तर दंड सुमारे ८ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. दंड यंत्रावर कितीही नीट कातला तरी किंचित लंबगोल राहतोच. त्यामुळे तारा दर ८ मिनिटांनी काही विकला पुढे-मागे डुलतो, घड्याळाच्या लंबकासारखा. ही चूक नियमित असल्यामुळे ती यंत्राला शिकवता येते, किंवा दुसरा छोटा कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनी एका ताऱ्यावर नजर ठेवून मोटरला सूचना देत राहतो. दंड आणि चाक एकमेकांत फार सैल बसले तर दिशा बदलताना तारा क्षणभर ढिम्म राहतो. फार घट्ट बसले तर मोटर अडते. ही बैठक ठीक करताना स्क्रू एका वेळी अष्टमांश फेरीपेक्षा जास्त फिरवू नये, आणि चाक पूर्ण फिरवून सगळीकडे तपासावं, कारण एका ठिकाणी बरोबर बसलेला दंड दुसऱ्या ठिकाणी अडू शकतो. हात थरथरत असेल त्या दिवशी हे काम काढूच नये.

मोठ्या आधुनिक दुर्बिणींनी हा ध्रुवाकडचा अक्ष सोडून दिलाय. जुन्नरजवळ गिरवलीला असलेली आयुकाची दोन मीटर दुर्बीण तोफेसारखी फक्त वर-खाली आणि आडवी फिरते. संगणक दोन्ही मोटरांचे वेग क्षणाक्षणाला बदलतो. सांगाडा हलका आणि स्वस्त होतो, पण दृश्य मात्र नेत्रिकेत गोल फिरत राहतं. पुण्यात दक्षिणेला ४५ अंशांवरच्या ताऱ्याभोवतीचं आकाश तासाला सुमारे २० अंश फिरतं. मोठ्या वेधशाळेत उपकरणच उलटं फिरवून ते थांबवतात. घरच्या छायाचित्रकाराला ते महाग पडतं, म्हणून त्याच्यासाठी फ्राउनहोफरचा तिरका दांडा अजून टिकून आहे.

विजेचंही बघावं. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी सुरुवातीला छान चालते, पण दाब उतरू लागला की दुर्बीण वेगानं वळताना मोटर टप्पे चुकवते आणि यंत्राला आपण कुठे आहोत याचा विसर पडतो. पहाटे तीनला गो-टू अचानक चुकू लागला, तर आधी बॅटरी बघा.

आणि एक गोष्ट गच्चीवाल्यांसाठी. एवढी मेहनत करून अक्ष जुळला, की माऊंट उतरवण्याआधी तिन्ही पायांभोवती ऑइलपेंटनं गोल काढा आणि उत्तरेच्या पायाजवळ बाण. पायांची लांबी किती ठेवली होती तेही नळीवर खुणेनं लिहून ठेवा. पुढच्या वेळी पाय त्याच गोलांत ठेवले की अर्ध्या अंशाच्या आत काम झालेलं असतं. पावसाळ्यात माऊंट सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत बंद राहील. ऑक्टोबरात गच्ची झाडून काढली, की शेवाळाखालून तीन पांढरे गोल पुन्हा वर येतील.